इंग्रजी हवी, पण घोकलेली नको

पैनगंगेच्या अलीकडच्या आमच्या गावांत एक प्रसंग घरोघरी घडतो. बँकेचा, तहसिलीचा नाहीतर कोर्टाचा कागद घरी येतो. म्हातारा तो उलटसुलट करून पाहतो आणि शाळेतून आलेल्या नातवाच्या हाती देतो. “पाय बरं पोरा, काय लिवून हाये याच्यात?” पोरगा कागद घेतो आणि न अडखळता मोठ्याने वाचून दाखवतो. घरातली माणसे कौतुकाने ऐकतात. मग म्हातारा विचारतो, “मतलब काय झाला?” पोरगा मान खाली घालतो. “आबाजी, वाचता येते. पण मतलब नाही समजत.”

हा पोरगा आळशी नाही. त्याच्या गुरुजींनी कामचुकारपणा केला, असेही आम्ही म्हणणार नाही. त्यांनी त्याला अक्षरे शिकवली, स्पेलिंगे पाठ करून घेतली, प्रश्नोत्तरे लिहून दिली. परंतु कागदात जे लिहिले आहे ते खरे का, त्यात आपला फायदा काय आणि नुकसान काय, हे विचारण्याची सवय त्याला कोणी लावली नाही. भाषा विशेषांकाच्या निमित्ताने आम्ही या सवयीविषयीच लिहीत आहोत. मराठीच्या जतनाचा विषय सोडून इंग्रजीचे पुराण कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचावे.

कागद इंग्रजीत, भोग मराठीत

आमच्या मुलखाची वाटणी ज्या कागदावर झाली तो कागद इंग्रजीत होता. १९५६ चा राज्य पुनर्रचना कायदा पाहा. त्याच्या आठव्या कलमात नव्या मुंबई राज्यात कोणता मुलूख जाणार याची यादी आहे. त्या यादीत आदिलाबाद जिल्ह्याच्या वाट्याला मोजके शब्द आले : बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कल, किनवट तालुका आणि राजुरा तालुका. एवढा भाग तिकडे गेला. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही सर्कले इकडे आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे सारे अमलात आले आणि सासर एका राज्यात, माहेर दुसऱ्या राज्यात अशी हजारो घरे झाली. ती वाटणी बरी की वाईट, हा आजचा विषय नाही. ती ज्या भाषेत लिहिली गेली ती भाषा येथे फार थोड्यांना वाचता येत होती, एवढेच येथे नमूद करायचे आहे.

पुढेही तेच चालू राहिले. घटनेच्या ३४८ व्या कलमानुसार सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते आणि उच्च न्यायालयांचेही मुख्यतः इंग्रजीतच. तेलंगणा सरकारचे आदेश बहुतांशी इंग्रजीत निघतात. बँकेचा करारनामा, विम्याच्या अटी, भूसंपादनाची नोटीस यांतही इंग्रजी असतेच. याचा परिणाम असा की, आमचा शेतकरी स्वतःचा कागद नेहमी दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो. अर्जनवीस सांगेल तो अर्थ, दलाल सांगेल ती मुदत. ऐकणाऱ्याला तपासून पाहण्याची सोय नाही.

एका शब्दाची किंमत

जुने राहू द्या, २०२५ सालचेच उदाहरण घेऊ. कवाल व्याघ्र प्रकल्प आणि महाराष्ट्रातील ताडोबा-अंधारी यांना जोडणाऱ्या जंगलपट्ट्यात कोमरम भीम संवर्धन राखीव क्षेत्र करण्याचा शासन आदेश क्रमांक ४९ तेलंगणा सरकारने ३० मे २०२५ रोजी काढला. हा पट्टा कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात, म्हणजे ऑक्टोबर २०१६ पर्यंतच्या आमच्याच जिल्ह्यात येतो. आदिवासी संघटनांनी विरोध केला, बंद पाळला गेला आणि २१ जुलै २०२५ रोजी सरकारने तो आदेश ‘अबेयन्स’मध्ये ठेवला.

आता ‘अबेयन्स’ म्हणजे काय? स्थगित ठेवणे. रद्द करणे निराळे. स्थगित आदेश जिवंत असतो, तो पुन्हा उचलता येतो. रद्द झालेला आदेश उचलता येत नाही, नवा काढावा लागतो. ज्याने हा शब्द नीट वाचला तो सावध राहिला. ज्याने ‘गेला एकदाचा’ असे ऐकले तो निश्चिंत झाला. त्याच उन्हाळ्यात महाराष्ट्रात पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकवण्याचे दोन शासन निर्णय निघाले होते आणि २९ जून २०२५ रोजी ते रद्द करण्यात आले. तेथे शब्द ‘रद्द’ होता. तीन आठवड्यांच्या अंतराने दोन सरकारांनी दोन आदेशांवर माघार घेतली, पण दोन्ही माघारी सारख्या नव्हत्या. हा फरक आमच्या दहावीच्या मुलाला सांगता आला पाहिजे.

सरकारी इंग्रजीत असे शब्द पुष्कळ आहेत. ‘शॅल’ असेल तर करणे भाग आहे, ‘मे’ असेल तर करायचे की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे. ‘सब्जेक्ट टू’ हे दोन शब्द आले की पुढे अट आहे असे समजावे. ‘नॉट लेटर दॅन’च्या पुढची तारीख चुकली की हक्क गेला. हे शब्द अवघड नाहीत. पण ते घोकून लक्षात राहत नाहीत. त्यांच्यावरून एकदा तरी कोणाशी भांडावे लागते.

माध्यम म्हणजे भाषा नव्हे

यावर सोपा उपाय म्हणून इंग्रजी माध्यम पुढे केले जाते. तेलंगणात २०२२-२३ पासून सरकारी शाळांत पहिली ते आठवीपर्यंत इंग्रजी माध्यम आणले गेले आणि पुढच्या वर्षांत ते वर सरकत गेले. त्याआधी २०१८ च्या कायद्याने पहिली ते दहावी तेलुगू सक्तीची झाली होती. बेला, जैनथ, तामसी, बोथ या मंडळांतल्या मराठी घरातले मूल आज घरी मराठी बोलते, बाजारात हिंदी बोलते, शाळेत तेलुगू लिहिते आणि विज्ञानाचे पुस्तक इंग्रजीतून उघडते. गोंड आणि कोलाम घरांतल्या मुलांच्या डोक्यावर आणखी एका भाषेचा भार असतो. मूल मराठी शाळेत ठेवावे की काढावे, हा प्रश्न गावोगाव ओट्यावर चर्चिला जातो. जे काढतात त्यांना आम्ही दोष देणार नाही. पोराचे बरे व्हावे एवढाच त्यांचा हेतू असतो.

परंतु माध्यम बदलले म्हणजे भाषा आली, हा समज खोटा आहे. न समजणारा धडा इंग्रजीतून शिकवला तर मूल तो इंग्रजीतून पाठ करते, इतकाच फरक पडतो. ज्या वर्षी आमची वाटणी झाली त्याच १९५६ मध्ये सातव्या दुरुस्तीने घटनेत ३५० अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करावी, असे ते राज्यांना सांगते. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असेच म्हणते. कारण उघड आहे. विचार करायला एक भाषा पक्की लागते. ती पक्की असेल तर दुसरी तिच्यावर उभी राहते.

कापसावरून वाद

मग इंग्रजी यायची कशी? आमचे उत्तर असे की, आपल्या पोटापाण्याच्या प्रश्नावर वाद घालण्यासाठी ती वाचावी. एक उदाहरण सविस्तर देतो.

केंद्र सरकारने १९ ऑगस्ट २०२५ पासून परदेशी कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ केले. हे ११ टक्के कसे होतात? मूळ सीमाशुल्क ५, शेती पायाभूत सुविधांचा उपकर ५, आणि या १० वर दहा टक्के समाजकल्याण अधिभार म्हणजे आणखी १. ही सूट आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती. महिना संपण्यापूर्वीच ती ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवण्यात आली. त्याच सुमारास, २७ ऑगस्टपासून, अमेरिकेने भारतातून जाणाऱ्या बऱ्याच मालावर ५० टक्के शुल्क लावले.

ही बातमी इंग्रजी वर्तमानपत्रांत सविस्तर आली. समजा, तिचे कात्रण नववीच्या वर्गात नेले आणि दोन बाजू पाडल्या. एक बाजू गिरण्यांची. अमेरिकेचे गिऱ्हाईक तुटत आहे, स्वस्त कापूस मिळाला नाही तर गिरण्या आणि कपड्यांचे कारखाने बंद पडतील, लाखो मजूर घरी बसतील. गिरणीच बंद पडली तर तुमचा कापूस घेणार कोण? दुसरी बाजू शेतकऱ्याची. आमचा कापूस दसरा-दिवाळीच्या सुमारास घरी येऊ लागतो. सूट सप्टेंबरला संपली असती तर आमचे फारसे बिघडले नसते. ऐन हंगामात डिसेंबरपर्यंत ती का वाढवली? २०२५-२६ चा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल आहे खरा, पण ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की सीसीआय माल घेत नाही आणि गाडी व्यापाऱ्याच्या दारात जाते.

शेतकऱ्याची बाजू सारी एका शब्दावर आणि एका तारखेवर उभी आहे हे येथे लक्षात येईल. तो शब्द ‘एक्स्टेंड’ आणि ती तारीख ३१ डिसेंबर. वाद जिंकायचा असेल तर मुलाला कात्रणात परत जाऊन ते वाक्य शोधावे लागते. समोरचा ‘सूट सप्टेंबरलाच संपली’ म्हणाला तर त्याला ओळ दाखवावी लागते. येथे वाचन आपोआप बारकाईचे होते. शिवाय कापसाविषयी या मुलांना आधीच पुष्कळ कळते. ओलावा, मापात मारणारा काटा, बोंडअळी यांवर त्यांना बोलायला शिकवावे लागत नाही. इंग्रजी धड्यातल्या लंडनच्या बागेविषयी बोलताना जी जीभ अडते ती येथे सुटते.

ही वाट नवी नाही

कोणी म्हणेल, हे शहरी खूळ आहे. तसे नाही. सवाल-जबाब आमच्या रक्तात आहे. कलगी-तुऱ्याच्या फडात रात्ररात्र दोन पक्ष एकमेकांना कोडी घालत आले आणि अडाणी म्हटली जाणारी माणसे त्यांतला डाव ओळखत आली.

मराठी वृत्तपत्राचा जन्मच दोन भाषांत झाला. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले तेव्हा त्यात इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारीशेजारी छापला जाई. १८४८ मध्ये मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आपली सभा काढली. ते निबंध वाचत, त्यावर चर्चा करत. तिच्या मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या आणि पुढच्याच वर्षी तिने मुलींच्या शाळा उघडल्या. १८८१ मध्ये ‘केसरी’ मराठीत निघाला तसा ‘मराठा’ इंग्रजीत निघाला. घरच्यांशी घरच्या भाषेत आणि राज्यकर्त्यांशी त्यांच्या भाषेत बोलायचे, असा तो हिशेब होता. बाबासाहेबांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ मराठीत काढला आणि दहा वर्षांनी लंडनच्या गोलमेज परिषदेत इंग्रजीत आपल्या माणसांची बाजू मांडली. एका भाषेने दुसरीला मारले नाही.

आमच्या जिल्ह्याचाही दाखला आहे. निजामी अमलात वरचे शिक्षण आणि कारभार उर्दूत होता, सार्वजनिक सभेलाही आधी परवानगी लागे. त्या काळात, १९४० च्या दशकात, मारलवाई येथे हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. गोंड मुलांसाठी गोंडीतून वाचनपुस्तके तयार झाली आणि ती देवनागरी लिपीत छापली गेली. आधी स्वतःच्या भाषेत वाचायला शिकायचे, पुढच्या भाषा त्यानंतर, हा क्रम या मातीत ऐंशी वर्षांपूर्वीच ठरला होता.

शनिवारचा एक तास

करायचे काय, ते थोडक्यात सांगतो. आठवड्यातून एक तास, शनिवारचा. एक इंग्रजी कात्रण, दहा-बारा ओळींचे, फळ्यावर उतरवलेले. शिळा पेपर चालतो. आधी चार प्रश्न : कोणी केले, काय केले, केव्हापासून केव्हापर्यंत, आणि हे कोण म्हणतो. उत्तर देताना ओळीवर बोट ठेवायचे. मग चिठ्ठी टाकून बाजू ठरवायच्या. पहिली फेरी मराठीत, मनसोक्त. दुसरी फेरी इंग्रजीत, प्रत्येकाने दोनच वाक्ये. व्याकरणाच्या चुका मध्ये बोलून दाखवायच्या नाहीत, शेवटी फळ्यावर सांगायच्या. तिसऱ्या फेरीत बाजू बदलायच्या, म्हणजे ज्याने गिरणीची वकिली केली त्याने शेतकऱ्याची करायची. शेवटी वहीत चार ओळी इंग्रजीत लिहायच्या. प्रत्येक बाजूला पहिले बोलण्याचा मान मुलीचा ठेवावा, नाहीतर मागच्या बाकावरच्या पोरी वर्षभर श्रोत्याच राहतात.

आमच्याकडे वक्तृत्व स्पर्धा होतात. गुरुजी भाषण लिहून देतात, मूल पाठ करून म्हणते, टाळ्या पडतात. त्याला आमचा विरोध नाही, पण ते आणि हे एक नव्हे. दुसऱ्याचे ऐकून उत्तर द्यावे लागते तेव्हाच भाषा आपली होते.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप : शिक्षकांनाच इंग्रजी बोलण्याचा संकोच वाटतो. वाटू द्या. येथे गुरुजींनी भाषण करायचे नाही, कात्रण फळ्यावर उतरवायचे आणि वेळ पाहायची. शब्द अडला तर सगळ्यांनी मिळून शब्दकोश उघडायचा. गुरुजींनाही शब्द अडतो हे मुलांनी पाहिले तर त्यांची भीती कमीच होईल.

दुसरा आक्षेप : चालू प्रश्न घेतले की शाळेत राजकारण शिरेल. हा आक्षेप पोकळ नाही. केरामेरी मंडळ आणि जिवती तालुक्याच्या हद्दीवरची परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर ही गावे घ्या. दोन्ही राज्ये त्यांवर हक्क सांगतात. तेथे दोन्हींच्या शाळा आहेत, दोन्हींच्या ग्रामपंचायती आहेत, माणसांकडे दोन रेशनकार्डे आहेत. अशा गावात ‘आपण कोणत्या राज्यात असावे’ हा विषय वर्गात काढला तर घरे तुटायला वेळ लागणार नाही. म्हणून विषय निवडताना विवेक हवा. ‘दोन शाळांतून एका मुलाचे भले कसे होईल’ असा प्रश्न विचारता येतो. चिठ्ठीने बाजू ठरत असल्यामुळे कोण कोणत्या पक्षाचा हे उघडे पडत नाही, आणि बाजू बदलावी लागल्यामुळे समोरच्याचेही काही खरे असते हे कळते. सरहद्दीवरच्या माणसाला याची गरज इतरांपेक्षा अधिक आहे.

तिसरा आक्षेप : दहावीची परीक्षा लेखी असते, मग बोलण्यात तास का घालवावा? परीक्षेत न पाहिलेला उतारा येतो तेव्हा पाठांतर कामास येत नाही. कात्रणे वाचणाऱ्या मुलाला असा उतारा दर शनिवारी भेटलेला असतो.

चौथा आक्षेप मराठीच्या अभिमान्यांचा. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला आणि तुम्ही इंग्रजीच्या मागे लागलात, असे ते म्हणतील. आम्हाला त्या दर्जाचा आनंद आहे. पण आमच्या गावांत मराठी शाळेची पटसंख्या घटते ती दर्जा कमी म्हणून घटत नाही. मराठी शाळेत गेले तर पोरगा कागद वाचू शकणार नाही, या भीतीने ती घटते. ज्या मराठी शाळेतली मुले इंग्रजी कात्रण हातात धरून वाद घालतील, त्या शाळेतून मूल काढायला बाप दोनदा विचार करेल. या योजनेत पहिली फेरी मराठीची आहे, आणि विचार तेथेच पक्का होतो. तेलुगूलाही यातून कोणी वगळलेले नाही. मंडळ कार्यालयात तीच चालते आणि ती आपल्या राज्याची भाषा आहे. एखाद्या शनिवारी कात्रण तेलुगू पेपरचे घ्यावे, रीत तीच.

याला इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही, मंजुरी लागत नाही. शाळेत जमले नाही तर ग्रामपंचायतीच्या ओट्यावर किंवा बुद्धविहारात, देवळाच्या सभामंडपात बसता येईल. गावात एखादा तरी पदवी घेऊन बसलेला तरुण असतोच. त्याने एक तास द्यावा आणि सरपंचांनी आठवड्याला एक इंग्रजी पेपर लावून द्यावा, एवढीच आमची मागणी आहे.

पुढच्या वेळी घरी कागद येईल तेव्हा नातवाने तो खणखणीत वाचून दाखवावा अशी आमची अपेक्षा नाही. तो हळू वाचला, अडखळत वाचला तरी चालेल. वाचून झाल्यावर त्याला तीन गोष्टी मराठीत सांगता आल्या पाहिजेत : हा कागद कोणत्या कचेरीचा आहे, उत्तर कोणत्या तारखेच्या आत द्यायचे आहे, आणि आबाजी, याला आपल्याला नाही म्हणता येते की नाही.